ओतोरींचा जपान किती खरा, आणि तसं जग मराठीत कसं उभं करायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. लियान हर्न यांच्या ‘टेल्स ऑफ द ओतोरी’ या मालिकेची पहिली तीन पुस्तकं तुम्ही इंग्रजीतून वाचलीत. त्यातला जपान कितपत खरा, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. सरंजामी जपानच्या धर्तीवर स्वतःची अद्भुतरम्य मालिका मराठीत लिहायची तर तयारी कुठून करावी, हे विचारायचंय. आणि ‘अक्रॉस द नाइटिंगेल फ्लोअर’ या पहिल्या पुस्तकाचं नाव मराठीत आणायचं झालं तर काय होईल, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. मी तीस वर्षं पुण्यात जपानी शिकवते आणि जपानीतून मराठीत भाषांतरं करते. ही पुस्तकं मी कित्येक विद्यार्थ्यांच्या हातात दिली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. सवडीने वाचा.

लेखिकेबद्दल थोडक्यात. लियान हर्न हे टोपणनाव, खरं नाव जिलियन रुबिनस्टाइन. जन्म १९४२ चा, इंग्लंडमधला. पुढे त्या ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्या आणि तिथे मुलांसाठी लिहिणाऱ्या म्हणून नावाजल्या. जपानी शिकल्या, जपानच्या यामागुची प्रांतात जाऊन राहिल्या, आणि २००२ मध्ये या मालिकेचं पहिलं पुस्तक आलं. दुसरं २००३ चं, तिसरं २००४ चं. २००६ मध्ये चौथं आलं, ते बऱ्याच वर्षांनंतरची कथा सांगतं. २००७ चं पाचवं मात्र मागे जातं, कथेचा नायक ताकेओ याला दत्तक घेणाऱ्या शिगेरूच्या तरुणपणात. तुमची ही दोन राहिली असतील तर ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाचा. पाचवं आधी वाचण्याचा मोह होतो, कारण काळ तिथून सुरू होतो. पण शिगेरू या माणसाचं काय होतं हे ठाऊक असताना त्याचं तारुण्य वाचणं हा वेगळाच अनुभव आहे. मी ते पुस्तक दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मधेच मिटून ठेवावं लागलं.

आता खरेपणाबद्दल. लेखिकेनेच पुस्तकाच्या आरंभी स्पष्ट केलंय की तिचे ‘तीन देश’ काल्पनिक आहेत आणि ते इतिहासातल्या कुठल्याही एका काळाशी जुळत नाहीत. गावांची नावं जपानी आहेत, पण नकाशावर जागच्या जागी आहेत ती साधारण दोनच, हागी आणि मात्सुए. माणसं सगळी कल्पित, अपवाद एका चित्रकाराचा, सेश्शूचा. सेश्शू खराच होता. तो १४२० मध्ये जन्मला आणि १५०६ मध्ये वारला. मिंग राजवटीतल्या चीनला जाऊन आला. यामागुचीत ओउची घराण्याच्या आश्रयाने राहिला. लहानपणी मठात त्याला शिक्षा म्हणून खांबाला बांधलं, तेव्हा त्याने पायाच्या अंगठ्याने स्वतःच्या आसवांत जमिनीवर उंदीर काढला आणि तो मठाधिपतीला जिवंत वाटला, ही गोष्ट जपानी पोरं बालवाडीपासून ऐकतात. तो मठ आजच्या ओकायामा प्रांतात आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग तुम्ही पाहिली असेलच. ती ज्या कोराकुएन बागेवरून केली, ती त्याच ओकायामातली.

सेश्शूची तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्यावरून लेखिकेची रीत कळते. सेश्शू १५०६ मध्ये गेला. पुस्तकात जो ‘गुप्त पंथ’ आहे त्याची मूळ प्रेरणा असलेला ख्रिस्ती धर्म जपानात १५४९ ला पोचला. ज्या याएगाहारा लढाईच्या सावलीत सगळी कथा घडते, ती वाचताना आठवते ती १६०० ची सेकिगाहाराची लढाई. शंभर वर्षांच्या अंतरावरच्या गोष्टी तिने एकाच पिढीत बसवल्या आणि तरी जग फाटत नाही. ते का फाटत नाही, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळालं.

माझ्या मते त्याचं कारण असं की या मालिकेत कोण कुणाचं देणं लागतो, कुणाच्या तांदळावर कोण जगतो, हा हिशेब पानोपानी चोख आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी दिसणारी माणसं, डोळ्यांदेखत विरून जाणारी माणसं, मैलभरावरची कुजबुज ऐकणारा मुलगा, हे सगळं अद्भुत आपण बिनतक्रार मान्य करतो, कारण त्याच्या खालचा व्यवहार खरा आहे.

हा व्यवहार कसा होता ते सांगते. जपानात जमीन आकाराने मोजण्यापेक्षा ती किती तांदूळ देईल यावर मोजत. मोजमाप कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण दीडशे किलो तांदूळ, आणि तो एका माणसाला वर्षभर पुरतो असं धरत. तोकुगावा घराण्याच्या राजवटीत ज्याच्याकडे दहा हजार कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्नाची जमीन, तो दाइम्यो. म्हणजे सरदाराचा दर्जा सांगताना नकळत तो किती पोटं भरू शकतो तेच सांगितलं जाई. तो किती माणसं रणात उतरवू शकेल, याचा अंदाजही त्याच आकड्यावरून बांधत.

ओतोरींचं गाव असलेल्या हागीचंच उदाहरण घ्या. सेकिगाहारात मोरी घराणं हरणाऱ्या बाजूला होतं. आठ प्रांतांचा मुलूख गेला, हातात दोन उरले, सुओ आणि नागातो. बारा लाखांच्या आसपासच्या कोकूंवरून उत्पन्न जेमतेम एक तृतीयांशावर आलं आणि पदरी असलेले सामुराई मात्र तेवढेच. ते सगळे समुद्राकाठच्या हागीत येऊन राहिले. १६०४ मध्ये तिथे किल्ल्याचं काम सुरू झालं. इतक्या थोड्या तांदळावर इतके स्वाभिमानी लोक जगवायचे म्हणजे काय, याचा विचार करा. त्या अपमानाची आठवण हागीने अडीचशे वर्षं जपली आणि १८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता उलथवण्यात हीच माणसं पुढे होती. ओतोरी घराण्याची कथा आता परत वाचा: हरलेली लढाई, आक्रसलेला मुलूख, तडजोड करून बसलेले काका आणि आत धुमसणारा पुतण्या. लेखिकेने मोरींचा इतिहास उचललेला नाही, पण हरलेल्या घराण्याच्या घरात हवा कशी असते, ते तिने हागीच्या गल्ल्यांतून उचललंय.

मी हागीला गेले होते तेव्हा किल्ल्याचे नुसते दगडी तट होते. वरची इमारत १८७४ मध्ये पाडली. सामुराईंच्या जुन्या वस्तीतल्या मातीच्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत आणि त्यांच्यावरून नात्सुमिकानची झाडं डोकावतात. नात्सुमिकान म्हणजे मोठ्या आकाराचं आंबट संत्रं. मला वाटलं होतं, असेल शोभेची हौस. मग कळलं की तोकुगावांनंतरच्या मेइजी काळात सामुराईंचा तनखा बंद झाला, उपासमारीची वेळ आली, तेव्हा त्यांनी पोटासाठी आपल्या अंगणात ही झाडं लावली. त्या भिंतीजवळ मी बराच वेळ उभी होते. सरंजामी जपानवर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते, कारण पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तलवारच असते आणि ही संत्री कुणी छापत नाही.

ओलीस ठेवण्याची प्रथाही याच हिशेबातली. मालिकेची नायिका काएदे आपल्याला भेटते ती नोगुची सरदाराच्या किल्ल्यात ओलीस म्हणून. हे लेखिकेच्या मनचं नाही. तोकुगावा इएयासू, ज्याने पुढे सगळा जपान ताब्यात घेतला, त्याचं बालपण ओलीस म्हणूनच गेलं. त्याच्या नातवाने, इएमित्सूने, १६३५ मध्ये या प्रथेचा कायदाच केला: दाइम्योंनी ठरावीक काळ एदोत, म्हणजे आजच्या टोक्योत, येऊन राहायचं आणि बायकामुलं तर कायमची तिथेच. राज्यकर्त्याला तोफा झाडाव्या लागल्या नाहीत. प्रवासखर्च आणि दोन घरांचा संसार यांनीच सरदार वाकले. काएदेचं दुसऱ्या पुस्तकातलं घरी परतणं आठवा. वडिलांच्या घराला अवकळा आलेली, कोठारात दाणा नाही, कर्जं किती ते कुणाला माहीत नाही. ती नोंदी मागवते, हिशेब शिकते, जमीन पुन्हा लागवडीखाली आणते. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना तो भाग संथ वाटतो. मला तो मालिकेतला सगळ्यात धीट भाग वाटतो. एका मुलीच्या हाती सत्ता येते म्हणजे नक्की काय येतं, ते तिथे दिसतं.

स्त्रियांकडे वारसा असलेलं मारुयामाचं संस्थान हेही निव्वळ स्वप्नरंजन नाही. कामाकुरा काळात बायकांना जमिनीचा वारसा मिळत असे, १२३२ च्या संहितेने त्यांचे हक्क मान्य केले होते, आणि होजो मासाकोसारख्या बाईने प्रत्यक्ष राज्यकारभार हाकला. पुढच्या शतकांत सगळी जमीन एकाच मुलाकडे द्यायची रीत पडली आणि तो हक्क आटत गेला. मारुयामा म्हणजे त्या विझत आलेल्या रिवाजाचं शेवटचं घर, असं वाचलं की तिथल्या सत्ताधारी नाओमीबाईंची धडपड जास्त कळते.

आता गुप्त पंथाविषयी, कारण त्याचा एक धागा आपल्या गोव्यात येतो. कथेच्या सुरुवातीला ज्या मुलाचं गाव कापून काढतात, त्याचं घरचं नाव तोमासू. तोमासू म्हणजे थॉमस. पुढे शिगेरू त्याचं नाव ताकेओ ठेवतो, ते त्याला वाचवण्यासाठीच, कारण पहिलं नाव उच्चारणंच जिवावर बेतणारं. इतिहासात फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला निघाले ते गोव्याहून, आणि त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी माणूस होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचं शव आहे तेच हे झेवियर, आणि त्यांनी जपानात जिथे धर्मप्रसार केला त्यात यामागुचीही होतं, जिथे आपली लेखिका राहिली. १६१४ ला देशभर बंदी आली. येशूची किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवून संशयितांना ती तुडवायला लावत. जो पाय कचरला तो सापडला. जे उरले ते लपले. मेरीची मूर्ती त्यांनी कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या रूपात घडवून घेतली. प्रार्थना तोंडी जपल्या. पिढ्या गेल्या तसे त्यातले लॅटिन-पोर्तुगीज शब्द अर्थ हरवून नुसते नाद उरले. १८६५ मध्ये नागासाकीत नवं चर्च बांधलं गेलं तेव्हा काही गावकरी आत येऊन पाद्र्याला हळूच म्हणाले की आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. तोवर अडीचशे वर्षं होऊन गेली होती.

लेखिका त्यांना कुठेही ख्रिस्ती म्हणत नाही. क्रूस, येशू, पोप, यांतलं काही पहिल्या पुस्तकात येत नाही. ‘गुप्त लोक’ एवढंच. त्यामुळे आपण त्यांच्याकडे ताकेओच्या नजरेने पाहतो: आईने शिकवलेली एक प्रार्थना आणि कुणाचाही जीव घ्यायचा नाही हा दंडक. आणि त्याच मुलाला मारेकरी व्हायचंय. या एका पेचावर पाच पुस्तकं उभी आहेत. तुम्ही तुमच्या मालिकेसाठी इतिहासातलं काही घ्याल तेव्हा असंच करा. नाव मागे ठेवा, पेच तेवढा घ्या.

चामड्याचं काम करणाऱ्या जो-आनबद्दलही बोलायला हवं, कारण मराठी वाचक तिथे थबकणार. सरंजामी जपानात कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे लोक वस्तीबाहेर राहत. त्यांचा स्पर्श विटाळाचा मानला जाई. सामुराईच्या चिलखताला, घोड्याच्या खोगिराला त्यांनीच कमावलेलं कातडं लागे. १८७१ च्या हुकुमाने त्यांचे कायद्यातले वेगळे दर्जे रद्द झाले, भेदभाव मात्र पुढेही रेंगाळला. मालिकेत ताकेओ जो-आनला माणूस म्हणून वागवतो तेव्हा त्याच्याच सैनिकांच्या पोटात ढवळतं. लेखिका त्यांचं हे ढवळणं लपवत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हाला असं पात्र लिहायचं झालं तर एकच विनंती. इथल्या कुठल्या जातीचं नाव त्याला देऊ नका. दिलंत की वाचक तुमच्या जगातून उठून स्वतःच्या गावात जाईल, आणि तिथल्या खऱ्या वेदनेला तुमची कथा न्याय देऊ शकणार नाही. तो काय काम करतो ते लिहा, हाताला वास कशाचा येतो ते लिहा, कोण त्याच्या हातचं पाणी घेत नाही ते दाखवा. पुरतं.

निन्जांबद्दल फार लिहीत नाही. त्यावर खूप लिहून झालंय. इगा आणि कोका या डोंगराळ भागांतले हेर खरे होते. ते फिरते विक्रेते, भिक्षू, कारागीर बनून माहिती काढत आणि आगी लावत. काळा पोशाख बहुधा रंगभूमीवरून आला असं मानतात. काबुकीत रंगमंचावर सामान हलवणारे लोक काळ्या कपड्यात असतात आणि ते दिसत नाहीत असं प्रेक्षकांनी धरायचं असतं. हर्नबाईंची ‘ट्राइब’, म्हणजे मालिकेतली हेर-मारेकऱ्यांची जमात, मद्य गाळते, सोयाबीनचे पदार्थ विकते, व्याजबट्टा करते. गावागावांत दुकान म्हणजे गावागावांत कान. इथेही बघा, अदृश्य होण्याची विद्या आहेच, पण खरी ताकद कर्जाच्या वहीत आहे.

आता तुमच्या लिखाणाकडे वळते. पहिल्या सहा महिन्यांत युद्धाचा एकही प्रसंग लिहू नका. एक वही करा. तुमच्या जगात मुख्य धान्य कोणतं, ते कोण पिकवतं, कोठारात कोण भरतं, त्यातलं किती वर जातं आणि दुष्काळ पडला तर आधी कुणाचं तोडतात, ते लिहा. प्रत्येक मुख्य पात्रापुढे तो कुणाचं मीठ खातो ते लिहा. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ हे आपल्या भाषेत आहेच. जपानीत ‘ओन’ म्हणून शब्द आहे, वरच्याकडून मिळालेल्या उपकाराचं न फिटणारं ओझं. तो मराठीत समजवायला मला कधी दोन वाक्यांहून जास्त लागलेली नाहीत. इंग्रजी वाचकांना त्यावर पानंच्या पानं लागतात.

मराठीत तुम्हाला असे बरेच फायदे आहेत, ते ओळखा. इंग्रजीत ‘राइस’ हा एकच शब्द आहे. जपानीत शेतातल्या रोपाला इने, टरफलासकट दाण्याला मोमी, कांडलेल्या दाण्याला कोमे, ताटातल्याला गोहान. आपल्याकडेही शेतात भात, टरफलासकट साळ, कांडला की तांदूळ, शिजला की परत भात. कोकू मोजायचे तांदळाचे, लुटायचं साळीचं कोठार, आणि ओलीस मुलीच्या पुढ्यात येतो तो थंड भात. मूळ इंग्रजीत सपाट झालेलं हे सगळं मराठीत आपोआप उठून येईल. घरात शिरताना पायातलं काढणं, ओसरीवर कुणी थांबायचं आणि माजघरापर्यंत कुणी यायचं, मोठ्यांसमोर पाय पसरून न बसणं, हे इंग्रजी लेखकाला समजावून सांगावं लागतं. तुम्ही नुसतं लिहा. दत्तक घेण्याचंही तसंच. शिगेरूने ताकेओला दत्तक घेण्यावरून काकांचा जळफळाट का व्हावा, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही; १८४८ मध्ये सातारचं राज्य दत्तकाच्याच प्रश्नावर गेलं, ते आपण शाळेत शिकलो.

ऋतूंचंही बघा. जपानात जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयुचा पाऊस लागतो, आपल्या मृगाच्या आगेमागे. मालिकेत त्या पावसात सैन्यं अडकतात, हिवाळ्यात बर्फाने खिंडी बंद होतात, आणि मोहिमा ऋतू बघून आखाव्या लागतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणाऱ्यांच्या वंशजांना यातलं काही नवं नाही. वेळेसाठी तास-मिनिटं वापरू नका. जुन्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत, उन्हाळ्यात दिवसाचे लांब आणि हिवाळ्यात आखूड, आणि प्रत्येकाला प्राण्याचं नाव असे, उंदराची वेळ, वाघाची वेळ. आपला प्रहर चार-चारांचा, पण भाव तोच. ‘वाघाचा प्रहर उलटत आला होता’ हे वाक्य मराठीत किती सहज बसतं पाहा.

आणि मग संबोधनं. इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या. इंग्रजीत एक ‘यू’ घेतला की काम भागतं. मराठीत तू, तुम्ही, आपण यांतलं एक निवडल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही, आणि जपानी आदराच्या भाषेला हे फार जवळचं आहे. शिगेरू ताकेओला ‘तू’ म्हणेल, ताकेओ त्याला ‘आपण’. काएदे आणि ताकेओ एकमेकांना पहिल्यांदा ‘तू’ कधी म्हणतात? तो एक क्षण नीट निवडलात तर प्रेमप्रसंगाचं वर्णनच करावं लागणार नाही. मी एका भाषांतरात नवरा-बायकोला सुरुवातीपासूनच ‘तू’ वर आणलं होतं आणि शंभर पानांनंतर लक्षात आलं की मूळ लेखकाने जो दुरावा जपला होता तो मी पहिल्या पानावरच सांडून टाकला. सगळे संवाद परत लिहिले.

शब्द निवडताना मी एक कसोटी लावते. व्यवस्थेसाठी मराठी शब्द बिनधास्त घ्यावेत: ओलीस, दत्तक, गहाण, जहागीर, सारा. हे शब्द काम सांगतात आणि बाजूला होतात. पदव्या आणि अभिवादनं मात्र घेऊ नयेत. ‘मुजरा’ लिहिलात की वाचकाला रायगड दिसला. ‘सरकार’, ‘आईसाहेब’ आले की जरीपटका फडकला. त्यापेक्षा ‘त्याने तातामीला (जमिनीवरच्या चटईला) कपाळ टेकवलं’ असं कृतीनेच सांगा. खेडुतांच्या बोलीबाबतही हेच. ताकेओसारखा मिनो गावचा मुलगा मालवणी किंवा वऱ्हाडी बोलू लागला तर तो तिथलाच होतो. त्याचं खेडूतपण त्याला काय माहीत आहे त्यातून येऊ द्या. कुठल्या झाडाखाली अळंबी उगवतात हे त्याला ठाऊक आहे आणि सरदारापुढे हात कुठे ठेवायचे हे ठाऊक नाही, एवढं पुरे.

परक्या देशाचं जग परक्याने लिहावं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. मला वाटतं, लिहावं, आणि त्याआधी भाषा शिकावी. हर्नबाईंनी ती शिकली म्हणून दुसऱ्या पुस्तकाच्या नावात ‘गवताची उशी’ आली. कुसामाकुरा, गवताची उशी, हा जुन्या जपानी कवितेत प्रवासाला जोडून येणारा ठरलेला शब्द आहे. घर सोडलेल्या माणसाच्या पुस्तकाला याहून नेमकं नाव सापडणं कठीण.

आणि आता पहिल्या पुस्तकाचं नाव. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या निनोमारू वाड्यात फळ्यांची अशी ओसरी आहे की पाऊल पडलं की ती चिवचिवते. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी खिळ्यांवर घासतात आणि आवाज येतो. मारेकऱ्याची चाहूल लागावी म्हणून हे केलं असं परंपरा सांगते. काहींच्या मते तो नुसता झिजेचा परिणाम. मी तिथे मोज्यांनी चालले, भिंतीच्या अगदी कडेने, एकेक बोट टेकवत. तरी ती बोललीच. माझ्यामागून येणाऱ्या लहान मुलांनी पळत जाऊन सगळा वाडा किलबिलवून टाकला.

या जमिनीला जपानीत उगुइसुबारी म्हणतात. उगुइसू हा नाइटिंगेल नव्हे. तो झुडपात लपणारा, मातकट हिरवा, चिमणीएवढा पक्षी. वसंतात तो ‘हो, होकेक्यो’ असं गातो आणि बौद्ध जपानी कानांना त्यात सद्धर्मपुंडरीक सूत्राचं नाव ऐकू येतं, जसं आपल्याला पावशाच्या ओरडण्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं. म्हणून ‘बुलबुल’ नको, तो फारसी काव्यातून येतो. ‘कोकिळा’ वसंताची खरी, पण तिचा आवाज मैदानभर जातो, पायाखाली मावत नाही. कुळाने जवळचा पडतो तो वटवट्या, पण ते नाव मुखपृष्ठावर चालणार नाही.

मी पक्ष्याला आत ठेवेन, शिगेरूच्या घरी ताकेओ रात्री सराव करतो त्या प्रसंगात, आणि तिथे त्याला उगुइसूच म्हणेन. मुखपृष्ठावर लिहीन ‘बोलक्या जमिनीवरून’. ‘फ्लोअर’ला मराठीत जमीनच म्हणतात, आणि ज्या जमिनीच्या तांदळासाठी ओतोरी आणि त्यांचे वैरी तोहान एकमेकांचे गळे कापतात, तिलाही जमीनच म्हणतात.